सिग्नल मरतोय, पण कोणामुळे? ओपन क्वांटम सिस्टिमच्या डेटातून सिस्टिम आणि एन्व्हायर्नमेंट वेगळे कसे काढायचे

सुपरकंडक्टिंग क्युबिट (दोन लेव्हलचं क्वांटम सर्किट) असो, डायमंडमधला स्पिन असो की ट्रॅपमधला आयन असो, सिग्नल विझत जाताना दिसला की तोंडात पहिला शब्द येतो डीकोहिरन्स (बाहेरच्या जगामुळे क्वांटम स्टेट विस्कटणं), आणि सगळं खापर लगेच एन्व्हायर्नमेंटवर फुटतं. पण त्या विझण्यात कंट्रोल पल्सची चूक असते, फ्रिक्वेन्सीचं सरकणं असतं, रीडआउटची (स्टेट वाचण्याची) चूक असते, सिस्टिमचं स्वतःचं हॅमिल्टोनियन (तिची ऊर्जा आणि हालचाल ठरवणारा ऑपरेटर) असतं, आणि मग उरलं तर एन्व्हायर्नमेंट. एका कर्व्हमधून ही वाटणी निघत नाही, फिट कितीही सुंदर बसू दे. वाटणी होते ती नॉब फिरवल्यावर. म्हणजे असा नॉब शोधायचा जो एकाच बाजूला हात लावतो, तो फिरवायचा, आणि काय हललं आणि काय जागेवर राहिलं ते बघायचं. खालचं सगळं या एका गोष्टीबद्दल आहे.

पण नॉबला हात लावायच्या आधी कागद घ्या आणि सिस्टिम कुठे संपते ते लिहून काढा, खरंच लिहा, कारण ही रेघ निसर्गाने आखून दिलेली नाही, ती आपण आखतो. साधं उदाहरण घ्या, क्युबिटला जोडलेला रीडआउट रेझोनेटर. कपलिंग १०० मेगाहर्ट्झ, दोघांच्या फ्रिक्वेन्सीत अंतर १ गिगाहर्ट्झ आणि रेझोनेटरची लाइनविड्थ (त्यातून ऊर्जा गळण्याचा वेग) १ मेगाहर्ट्झ, तर कपलिंग भागिले अंतर याचा वर्ग ०.०१, त्याला लाइनविड्थने (रेडियनमध्ये) गुणलं की पर्सेल डिके (रेझोनेटरमधून क्युबिटची ऊर्जा गळण्याचा रेट) मिळतो आणि एकट्या त्याच्यामुळे टी१ (क्युबिटची ऊर्जा निघून जायला लागणारा वेळ) सुमारे १६ मायक्रोसेकंदांवर अडकतो. आता रेझोनेटर एन्व्हायर्नमेंटमध्ये धरलात तर हे १६ मायक्रोसेकंद एन्व्हायर्नमेंटचे, आणि सिस्टिममध्ये धरलात तर ती सिस्टिमची डिझाइन आहे आणि एन्व्हायर्नमेंट म्हणजे रेझोनेटरच्या पलीकडची केबल. दोन्ही बरोबर आहे. चूक तेव्हा होते जेव्हा मॉडेलमध्ये एक रेघ असते आणि निष्कर्ष लिहिताना दुसरी.

आणखी एक गोष्ट इथेच मनात पक्की करा. एन्व्हायर्नमेंट फक्त सिग्नल मारत नाही, ते फ्रिक्वेन्सीसुद्धा सरकवतं. १९४७ साली लॅम्ब आणि रेदरफोर्ड (Retherford) यांनी हायड्रोजनमध्ये जो शिफ्ट मोजला तो इलेक्ट्रोमॅग्नेटिक व्हॅक्यूममुळे येणारा, म्हणजे तुम्ही स्पेक्ट्रोस्कोपीत जी फ्रिक्वेन्सी वाचता ती "शुद्ध सिस्टिमची" कधीच नसते, त्यात बाथचा (म्हणजे एन्व्हायर्नमेंटचा) वाटा आधीच मिसळलेला असतो. मास्टर इक्वेशनमध्येही (सिस्टिमची स्टेट वेळेनुसार कशी बदलते ते सांगणारं इक्वेशन) हेच आहे: लिंडब्लाड ऑपरेटरमध्ये (त्यातला एन्व्हायर्नमेंटचा परिणाम मांडणारा भाग) एखादा कॉन्स्टंट मिळवा, हॅमिल्टोनियनमध्ये त्याला जुळणारा बदल करा, इक्वेशन तेच राहतं आणि मोजमापही तेच. त्यामुळे फिटमधून निघालेलं हॅमिल्टोनियन छापायच्या आधी लिंडब्लाड ऑपरेटर ट्रेसलेस (कर्णावरची बेरीज शून्य) करून घ्या, नाहीतर दोन ग्रुप एकाच डेटातून दोन वेगळी हॅमिल्टोनियन काढतील आणि उगाच वाद घालत बसतील.

आता मोजमाप. टी१, रॅम्झे (दोन पल्समध्ये स्टेट मोकळी सोडून तिचा फेज किती टिकतो ते बघणं) आणि हान एको (तेच, पण मध्ये स्टेट १८० अंश फिरवणारी पाय पल्स देऊन संथ सरकणं पुसणं), ही तीन मोजमापं घ्यायची, पण एक संपवून दुसरं असं नाही, आलटून पालटून, एकाच रनमध्ये गुंफून. टी१ तासातासाला बदलतो (डिफेक्टमधले टू-लेव्हल सिस्टिम क्युबिटच्या रेझोनन्समध्ये येतात-जातात), मग सकाळचा टी१ आणि संध्याकाळचा एको एकाच फॉर्म्युल्यात घातला तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही.

समजा टी१ आला ४० मायक्रोसेकंद, रॅम्झे १२ आणि एको ५०. रिलॅक्सेशनचा वाटा १ भागिले दोन टी१, म्हणजे १ भागिले ८०. एकोमधून तो वजा केला की शुद्ध डीफेझिंगचा (ऊर्जा न जाता फक्त फेज विस्कटण्याचा) टाइम निघतो सुमारे १३३ मायक्रोसेकंद, रॅम्झेमधून वजा केला की सुमारे १४. म्हणजे डीफेझिंगचा जवळजवळ सगळा भाग असा आहे जो एको पुसून टाकतो, म्हणजे संथ आहे. इथे एक सावधगिरी हवी, रेट्स अशा सरळ वजा होतात ते फक्त दोन्ही डिके एक्स्पोनेन्शियल असतील तरच. वन-बाय-एफ (फ्रिक्वेन्सी कमी तितका जास्त) सारखा संथ नॉइज असेल तर रॅम्झेचा एन्व्हलप गॉसियनकडे झुकतो, आणि मग रिलॅक्सेशनचा एक्स्पोनेन्शियल आणि डीफेझिंगचा गॉसियन यांचा गुणाकार फिट करावा लागतो. वरच्याच आकड्यांत तसं केलं तर १४ च्या जागी १३ येतो. फरक छोटा वाटेल, पण टी१ आणि टी२ (रॅम्झे किंवा एकोतून मिळणारा फेज टिकण्याचा वेळ) जवळजवळ असतील तेव्हा हाच फरक मोठा होतो, आणि एन्व्हलपचा आकार स्वतःच माहिती देतो, तो फिटमध्ये दामटून बसवू नका.

संथ म्हणजे एन्व्हायर्नमेंट, असंही लगेच म्हणू नका. आमच्याकडे एकदा रॅम्झेचा टाइम आठवडाभर निम्मा येत होता, आणि मी फ्लक्स नॉइजचं (क्युबिटच्या लूपमधल्या चुंबकीय फ्लक्सच्या हेलकाव्यांचं) मॉडेल घेऊन बसले होते, पॅरामीटरही अगदी पटण्यासारखे येत होते. मग सहा तासांचं अ‍ॅव्हरेज फोडून दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाहिले, तर प्रत्येक तुकड्यातला रॅम्झे उत्तम होता, फक्त फ्रिंजची (रॅम्झेच्या लाटांची) फ्रिक्वेन्सी तुकड्यागणिक थोडी सरकत होती. बायस करंटचा सोर्स तापमानाबरोबर सरकत होता, आणि सरकलेले कर्व्ह एकमेकांवर टाकले की बेरीज विझल्यासारखी दिसते. क्युबिट तेवढा वेळ व्यवस्थित चालू होता. तेव्हापासून एक नियम पाळते: कच्चा डेटा शॉट-बाय-शॉट, टाइमस्टॅम्पसकट ठेवायचा, अ‍ॅव्हरेज करून कधीच सेव्ह करायचा नाही, कारण एकदा मिसळलेलं परत वेगळं होत नाही.

पल्सच्या चुकीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, तिथे जास्त वेळ द्या. कोहिरंट चूक (दर वेळी तशीच होणारी) आणि खरी डीकोहिरन्स यांच्यातला फरक पल्सची संख्या वाढवली की दिसतो. पाय पल्स ०.०१ रेडियनने जास्त फिरवत असेल तर एका पल्समागे चुकीची शक्यता ०.००००२५, काहीच नाही. पण तशा १०० पल्स लावल्या की चुका एकाच दिशेला साठतात, एकूण १ रेडियन होतो आणि चूक जाते ०.२३ वर. हीच चूक रँडम असती तर १०० पल्सनंतर फक्त ०.००२५. म्हणजे चूक पल्सच्या संख्येच्या वर्गाने वाढतेय की सरळ रेषेत, हे बघा. वर्गाने वाढत असेल तर दोष तुमच्या कंट्रोलमध्ये आहे आणि कॅलिब्रेशनने जाईल, सरळ रेषेत असेल तर बाहेरून काहीतरी माहिती घेऊन जातंय (किंवा पल्सगणिक बदलणारा नॉइज आहे). रँडमाइज्ड बेंचमार्किंगमध्ये (रँडम गेटच्या लांब साखळ्यांतून सरासरी चूक मोजताना) हा फरक मुद्दाम पुसला जातो, सगळं सरासरीत एकच घसरण होऊन बसतं, म्हणून त्याचा आकडा एन्व्हायर्नमेंटच्या नावावर टाकू नका, सोबत प्युरिटी (स्टेट किती भेसळ नसलेली आहे ते) मोजा: कोहिरंट चुकीत स्टेट भलतीकडे जाते पण प्युअर राहते.

सीपीएमजी (एकापाठोपाठ पाय पल्सची मालिका) वापरत असाल तर अजून एक परीक्षा, फुकटात होणारी. सुरुवातीची स्टेट एकदा पल्सच्या अक्षावर ठेवा आणि एकदा त्याला काटकोनात. अक्षावरची स्टेट पल्सच्या चुका झाकते, काटकोनातली उघड्या पाडते. डीफेझिंग हेच कारण असेल तर दोन्ही कर्व्ह सारखे यायला हवेत. दुसरा धाडकन कोसळला तर तुम्ही बाथ मोजत नाही आहात, स्वतःच्या पल्स मोजताय.

रीडआउटचं थोडक्यात. ५ गिगाहर्ट्झचा क्युबिट म्हणजे सुमारे २४० मिलीकेल्विनची ऊर्जा, ५० मिलीकेल्विनच्या बाथमध्ये त्याची वरच्या लेव्हलमध्ये असण्याची शक्यता सुमारे ०.८ टक्के. हे ०.८ टक्के आणि रीडआउटची चूक दिसायला अगदी सारखी. वेगळं करायचं तर पहिल्या आणि दुसऱ्या एक्सायटेड लेव्हलमध्ये राबी (ड्राइव्ह देऊन दोन लेव्हलमधले हेलकावे मोजणं) घ्या, एकदा आधी पाय पल्स देऊन आणि एकदा न देता, दोन्हींच्या अ‍ॅम्प्लिट्यूडच्या गुणोत्तरातून खरं थर्मल पॉप्युलेशन निघतं आणि रीडआउटची चूक गुणोत्तरात कटते.

आता खरे नॉब. या बाबतीत माझा सगळ्यात आवडता प्रयोग व्हिएन्नातला आहे. सी-७० फुलरीनचा (७० कार्बन अणूंच्या मॉलिक्यूलचा) इंटरफेरोमीटर घेतला आणि चेंबरमध्ये मुद्दाम थोडा थोडा गॅस सोडला. प्रेशर वाढेल तशी फ्रिंजची व्हिजिबिलिटी (उठावदारपणा) एक्स्पोनेन्शियल उतरत गेली (२००३), आणि पुढच्या वर्षी गॅसऐवजी मॉलिक्यूलच लेझरने तापवला, तर तो स्वतः सोडत असलेल्या फोटॉनमुळे फ्रिंज विझल्या. यातून शिकायचं ते हे की गॅसचं प्रेशर मॉलिक्यूलच्या हॅमिल्टोनियनला हात लावत नाही, ग्रेटिंगला लावत नाही, म्हणून प्रेशरच्या विरुद्ध प्लॉट करून शून्य प्रेशरपर्यंत रेघ वाढवली की जे उरतं ते गॅसचं नाही, ते दुसऱ्या कुणाचं. एक्स्ट्रापोलेशन हेच इथलं मुख्य हत्यार. फ्लक्सवर ट्यून होणाऱ्या क्युबिटमध्ये हाच खेळ उतारावर करता येतो: फ्रिक्वेन्सीचा फ्लक्सच्या विरुद्ध उतार बदलत जा, वन-बाय-एफ फ्लक्स नॉइजचा डीफेझिंग रेट उताराच्या प्रमाणात वाढतो, आणि उतार शून्य असलेल्या स्वीट स्पॉटवर जे शिल्लक राहतं ते फ्लक्सचं नसतं. फक्त बिंदूबिंदूला टी१ परत मोजा, फ्रिक्वेन्सी बदलली की तोही बदलतो.

तापमानाचा नॉब मोहात पाडतो, पण तो तितका स्वच्छ नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या सर्किटमध्ये साधारण १५० मिलीकेल्विनच्या पुढे थर्मल क्वासीपार्टिकल (सुपरकंडक्टरमधल्या तुटलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्या) वाढायला लागतात आणि मग तुम्ही बाथबरोबर सिस्टिमही बदलताय.

डायमंडमधल्या एनव्ही सेंटरमध्ये (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा मिळून बनलेला स्पिन) हे फार देखणं दिसतं, म्हणून जरा जवळून बघू. हान एको घेतला की सिग्नल काही मायक्रोसेकंदांत कोसळतो आणि मग परत उभा राहतो, पुन्हा कोसळतो, पुन्हा उभा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हा सिस्टिमचाच कुठला तरी ऑसिलेशन आहे. आता मॅग्नेटिक फील्ड फिरवा. १०० गाउसला रिव्हायव्हल एकोच्या प्रत्येक बाजूच्या ९.३ मायक्रोसेकंदांवर येतं, ५० गाउसला १८.७ वर. कार्बन-१३ न्यूक्लियसची लार्मर फ्रिक्वेन्सी (फील्डभोवती गिरकी घेण्याचा वेग) एका गाउसला १.०७ किलोहर्ट्झ, १०० गाउसला १०७ किलोहर्ट्झ, आणि तिचा पिरियड बरोबर ९.३ मायक्रोसेकंद. म्हणजे घड्याळ इलेक्ट्रॉनचं नाही, शेजारच्या न्यूक्लियसचं आहे, हे फील्डने सांगितलं. आणि मग शेवटचा घाव: एनव्ही तोच ठेवून फक्त आयसोटोप बदला. नैसर्गिक कार्बनमध्ये १.१ टक्का कार्बन-१३ असतो, उरलेल्या कार्बन-१२ ला न्यूक्लियर स्पिनच नाही. २००९ साली आयसोटोप शुद्ध केलेल्या डायमंडमध्ये रूम टेंपरेचरला टी२ १.८ मिलिसेकंदांपर्यंत गेला. इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चर जवळजवळ तेच आणि बाथ गायब, यापेक्षा स्वच्छ नॉब मला माहीत नाही.

याच उदाहरणामुळे सांगते, रिव्हायव्हल दिसलं की लगेच "नॉन-मार्कोव्हियन बाथ" (स्मृती असलेला, माहिती परत देणारा) असं लिहून मोकळं होऊ नका. ट्रेस डिस्टन्स (दोन स्टेट एकमेकींपासून किती वेगळ्या ओळखता येतात याचं माप) परत वाढणं हे माहिती परत आल्याचं लक्षण मानतात, पण शेजारचा एकच डिफेक्ट क्युबिटशी ऊर्जा देवघेव करत असला तरी कर्व्ह तसाच दिसतो. क्युबिटची फ्रिक्वेन्सी थोडी हलवून बघा, एका डिफेक्टची करामत असेल तर काही मेगाहर्ट्झवरच ती नाहीशी होते, रुंद बाथ असेल तर फारसा फरक पडत नाही. पहिलं निघालं तर त्या डिफेक्टला सिस्टिममध्ये घ्या आणि सुरुवातीची रेघ परत आखा.

शेवटी तुमच्या अ‍ॅनालिसिसचीच परीक्षा घ्या. माहीत असलेला नॉइज मुद्दाम घाला आणि तो परत निघतो का बघा. २००० साली निस्टमध्ये (अमेरिकेची राष्ट्रीय मापन संस्था) ट्रॅपमधल्या एकाच बेरिलियम आयनवर मुद्दाम नॉइज सोडून डीकोहिरन्स सुपरपोझिशनच्या आकाराच्या वर्गाने वाढते हे दाखवलं, कारण रिझर्व्हॉयर (म्हणजे बाथ) त्यांच्या हातात होता. तुम्ही एवढं मोठं करायची गरज नाही: फंक्शन जनरेटरमधून ठरावीक पॉवरचा व्हाइट नॉइज बायस लाइनवर सोडा, तीन-चार पॉवर घ्या, वरची सगळी प्रक्रिया परत चालवा. काढलेला डीफेझिंग रेट पॉवरच्या सरळ प्रमाणात वाढला, टी१ हलला नाही आणि पाय पल्सची चूकही जागेवर राहिली, तर तुमची वाटणी काम करतेय. टी१ सुद्धा हलला, तर नॉइज क्युबिटच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पोचतोय, लाइनवरचा फिल्टर तपासा आणि पुन्हा पहिल्या पॉवरपासून सुरू करा.