जुन्या मुलाखतींची बैठक कशी बसवावी

दादा गेल्यावर (वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो) माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या पेट्यांत एकशे बारा कॅसेटी निघाल्या. गाणी थोडी, बोलणंच जास्त. रेडिओवर एखाद्या गायकाची, वादकाची, नटाची मुलाखत लागली की दादा टू-इन-वनचं लाल बटण दाबायचे, आणि स्वयंपाकघरात नुसता झारा वाजला तरी आईकडं डोळे वटारून बघायचे. त्याच कॅसेटींच्या पायी आमच्या अंबाजोगाईच्या घरी सहा वर्षांपासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आठ-दहा जण जमतात, एक मुलाखत ऐकतात आणि तिच्यावर बोलतात. परळीच्या, केजच्या, उदगीरच्या ओळखीच्या लोकांनी विचारलं, "ताई, आम्हालाबी असं चालू करायचंय, कसं करावं?" म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

जुनी कॅसेट हाती लागली की लगेच लावू नका. मी लावली होती. एका सनईवादकाची मुलाखत, वर दादांच्या अक्षरात नाव. दहा वर्षं बंद पडलेल्या यंत्रात ती घातली आणि चौथ्या मिनिटाला आवाज गळा दाबल्यासारखा झाला. झाकण उघडलं तर रबरी रोलरभोवती फीत जळमटासारखी गुंडाळलेली. कात्रीनं कापून सोडवावी लागली. तेवढी चार मिनिटं आता कुणालाच ऐकायला मिळणार नाहीत, आणि त्यातच त्यांनी आपल्या गुरूंचं नाव घेतलं होतं. आमच्या गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. कापडावरचं ते लिखाण चारशे वर्षं टिकलं. कॅसेटीची फीत चाळीस वर्षं धड राहत नाही, तीही आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली.

म्हणून आधी यंत्र साफ करा. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळतं. त्यात कापूस भिजवून हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रोलर पुसा, कापूस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत. मग एखादी टाकाऊ कॅसेट अर्धा तास चालवून बघा. खऱ्या कॅसेटीच्या तोंडाशी फितीमागं जो नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो जागेवर आहे का पाहा. सहा कोनांची पेन्सिल चाकात घालून फीत हातानं थोडी पुढं-मागं करा, चिकटली असेल तर तिथंच कळतं. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडं न्या, कारण ती यंत्रात गेली की बुरशी पुढच्या कॅसेटीला लागते. आणि कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन चौकोनी पाकळ्या असतात, त्या मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

वेगाकडं फारसं कुणी बघत नाही. यंत्राचा पट्टा सैल झाला की आवाज जड होतो, मोटार जोरात फिरली की पातळ होतो, आणि मग लोक म्हणतात, "तरुणपणी आवाज किती कोवळा होता बघा." माझ्या भाचीनं यावर एक उपाय काढला. आपली वीज ५० हर्ट्झची. विजेवर चालणाऱ्या यंत्रानं रेकॉर्ड करताना तिची घरघर बऱ्याचदा फितीवर बसते. कॉम्प्युटरवर ध्वनीचा आलेख काढला की ती ५० किंवा १०० वर दिसायला हवी. ५० ची घरघर ५३ वर दिसली तर फीत सहा टक्के जोरात पळतेय आणि अख्खा अर्धा स्वर चढलाय, म्हणजे पेटीच्या पांढरी एक पट्टीतला माणूस शेजारच्या काळी एकमध्ये बोलतोय. फीत थांबवल्यावरही तीच घरघर येत असेल तर ती आत्ताच्या यंत्राची असते, ती मोजू नका. शिवाय तेव्हा वीज स्वतःच बरीच खाली-वर व्हायची, त्यामुळं एखाद्या टक्क्यासाठी जीव काढू नका. अर्ध्या स्वराची चूक तेवढी पकडा.

कॉम्प्युटरवर घेताना वेव्ह फाइल करा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो अशी घेतली तर तासाला सुमारे ३०० एमबी जागा लागते. ती मूळ फाइल तशीच ठेवा. खरखर काढायची तर नकलेतून काढा, कारण खरखरीसोबत श्वासही निघून जातात आणि मुलाखतीत श्वास लागतात.

कॅसेटी नसतील तरी अडत नाही. प्रसार भारतीच्या आणि दूरदर्शन सह्याद्रीच्या यूट्यूब चॅनेलांवर जुन्या मुलाखती आहेत. मात्र खाली लिहिलेली तारीख बऱ्याचदा मुलाखत वर चढवल्याची असते, ती मुलाखतीची समजू नका. आणि आपल्याकडची रेकॉर्डिंग उचलून सगळ्या जगासाठी नेटवर टाकू नका. ध्वनिमुद्रणावर आपल्या कायद्यानं ६० वर्षं हक्क असतो, प्रसारणावर २५ वर्षं. घरात बसून ऐकायला कुणाची हरकत नाही.

आता बैठक. पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त एका वेळी लावू नका. वेळ दुपारी चारची ठेवा आणि मोठ्या बॅटरीवर चालणारा स्पीकर घ्या, लाइटीचा भरवसा नसतो. चहा मुलाखत संपल्यावर. कप-बशीच्या आवाजात दोन वाक्यं हमखास जातात, आणि नेमकी चांगली तीच असतात.

प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल द्या. पहिल्यांदा ऐकताना कुणी बोलायचं नाही, वा वा करायचं नाही. फक्त लिहायचं: कितव्या मिनिटाला, काय ऐकलं, आपल्याला काय झालं. "छान वाटलं", "थोर माणूस" असं लिहिलेला कागद मी परत देते. दादांची हीच शिस्त होती. मुलाखत संपली की ते आकाशवाणीला पोस्टकार्ड टाकायचे आणि त्यात 'आवडलं' हा शब्द कधी नसायचा. आवडलं म्हणजे काय आवडलं ते लिही, असं मला म्हणायचे. मी तेव्हा सातवीत होते.

नमुना म्हणून गेल्या श्रावणातला एक कागद उतरवून देते. मुलाखत एका गायिकेची, लिहिणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू, शिक्षण चौथीपर्यंत:

"१२ मिनिटं ४०. आईबद्दल विचारलं. लगेच बोलली नाही. मी सहापर्यंत मोजलं. भांडं ठेवल्याचा आवाज आला, पाणी प्याली असंल. मग आईचं सोडून तंबोऱ्याचंच बोलली. मला माझ्या आईचं जातं आठवलं. मीबी आईचं विचारलं की जात्याचंच सांगते."

आम्ही सगळ्यांनी ती जागा पुन्हा लावली. खरंच सहा सेकंद. त्याआधी ती कॅसेट मी चार वेळा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, बाईंनी प्रश्न टाळला.

दुसऱ्यांदा ऐकताना थांबत थांबत ऐका आणि ज्याच्या कागदावर जी जागा आहे त्याला बोलू द्या. लहानांना आधी. मोठी माणसं आधी बोलली की पोरं गप्प बसतात, हा माझा अनुभव आहे. किशोरी आमोणकरांनी सांगितलंय की माई, म्हणजे त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर, शिकवताना एखादी गोष्ट दोनदा गाऊन दाखवायच्या, तिसऱ्यांदा नाही. हे ऐकून आमचे भजनी मंडळातले पेटीवाले मामा "काय ती गुरुभक्ती" असं सुरू करणारच होते, तेवढ्यात भाची म्हणाली, "मी तर मोबाइलवर एकच ओळ चाळीसदा मागं घेते, तरी बसत नाही." मग अर्धा तास बोलणं झालं ते तिच्या त्या चाळीस वेळांवर. मामांनी सांगितलं, त्यांना परभणीच्या गुरुजींनी चाल एकदाच ऐकवली होती, आणि रात्रभर चालत घरी येईपर्यंत ती विसरू नये म्हणून त्यांनी वाटेत कुणाशी शब्द बोलला नाही. मामांना मी तीस वर्षं ओळखते, हे कधी ऐकलं नव्हतं.

तारखांचा भाग मात्र कडक ठेवा. वहीत दोन रकाने आखा: सांगितलं कधी आणि घडलं कधी. दोन्हींत किती वर्षांचं अंतर आहे ते तिसऱ्या रकान्यात. एकदा गीतरामायणावरच्या आठवणी चालल्या होत्या. आमच्यातले पोस्टातून निवृत्त झालेले काका, ऐंशी ओलांडलेले, म्हणाले, "१९५२ ला ऐकलंय मी, तिसरीत होतो." पुण्याचं आकाशवाणी केंद्रच १९५३ साली सुरू झालं आणि गीतरामायणाचं पहिलं गाणं १ एप्रिल १९५५ ला लागलं. पुढं वर्षभर छप्पन्न गाणी झाली. हे सगळं काकांना तोंडावर सुनावता आलं असतं. तसं करू नका. मी विचारलं, "काका, रेडिओ कुठं होता?" तर काका सांगत गेले: वाड्याच्या ओसरीवर, वर क्रोशाचं झाकण, मालकीणबाई आधी उदबत्ती लावायच्या, पोरांनी पायरीच्या खाली बसायचं, रेडिओचं लायसन पोस्टात भरायचं. साल चुकलं, ओसरी बरोबर होती. वहीत साल दुरुस्त केलं आणि ओसरी जशीच्या तशी उतरवली.

कलाकारांच्या बाबतीतही असंच होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉयल्टीवरून लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. पुढं २०१२ साली लतादीदींनी सांगितलं की रफीसाहेबांनी माफीचं पत्र दिलं होतं. रफींचे चिरंजीव शाहिद यांनी ते नाकारलं आणि पत्र दाखवा म्हणाले. रफीसाहेब ३१ जुलै १९८० लाच गेलेले. आमच्या बैठकीत यावरून आवाज इतके चढले की शेजारी डोकावले. तेव्हापासून आमचा नियम आहे: ज्याला स्वतः उत्तर देता येत नाही त्याच्याबद्दल कौल द्यायचा नाही. वहीत लिहायचं, कुणी सांगितलं, किती वर्षांनी सांगितलं, दुसरी बाजू काय म्हणते. आणि मग दोघांचं एखादं युगुलगीत लावायचं.

एकाच कलाकाराच्या वेगवेगळ्या काळातल्या मुलाखती मिळाल्या तर त्या ओळीनं लावा. भीमसेन जोशींची घरातून पळून जाण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून कुणी ती कान देऊन ऐकत नाही. आम्ही शाळेतला भारताचा नकाशा भिंतीवर लावला आणि गावाचं नाव आलं की टाचणी टोचत गेलो: गदग, विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, जालंधर, आणि शेवटी पुन्हा घराजवळ कुंदगोळ, गुरू सवाई गंधर्वांकडं. अकरा वर्षांचं पोर, खिशात तिकीट नाही, डब्यात गाऊन पोट भरायचं. दोरा टाचण्यांना गुंडाळून पूर्ण झाला तेव्हा काकूंनी विचारलं, "त्याच्या आईनं काय केलं असंल तवर?" मी पुढं चार मुलाखती हा एकच प्रश्न मनात ठेवून ऐकल्या. कागद घेऊन ऐकल्याचा हा फायदा, पुढच्या ऐकण्याला काहीतरी शोधायला मिळतं.

बोलीकडंही लक्ष ठेवा. भीमसेनजींच्या, कुमार गंधर्वांच्या मराठीत कानडी कुठं डोकावते, मुलाखतकारानं प्रमाण भाषेत विचारलं की उत्तर देणारा ताठ होतो का, आणि आपल्या गावाचं नाव निघालं की सैल होतो का. कुमारांना क्षयामुळं काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं होतं, एक फुप्फुस निकामी झालं होतं. त्यांचं बोलणं ऐकताना वाक्य कुठं तुटतं, श्वास कुठं घेतात, ते कागदावर खुणेनं मांडून बघा. आमच्या बैठकीत हे सगळ्यात बरोबर मांडलं ते दम्याचा त्रास असलेल्या एका आजोबांनी.

शेवटी कागद गोळा करा, तारीख टाका, कॅसेटीच्या नंबराच्या पाकिटात ठेवा. आणि त्यातली एक प्रतिक्रिया निवडून पोस्टकार्डावर उतरवा. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशाला मिळतं. ज्या केंद्रावर मुलाखत झाली त्या केंद्राला पाठवा, कलाकार हयात असेल तर त्याला. आम्ही काकूंचं जात्याचं पत्र असंच पाठवलं. त्यांचं अक्षर मोठं, म्हणून कार्ड पुरलं नाही, शेवटची ओळ त्यांनी पत्त्याच्या बाजूला आडवी लिहिली.