दोन नेटवर्कमधले पीएलसी बोलत नाहीत? आधी गेटवे पाहा
एक पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक) १९२.१६८.१.१० वर, दुसरा १९२.१६८.२.१० वर, मधे राउटर. आणि मॉडबस टीसीपीचा (अशा यंत्रांनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायची पद्धत) संदेश टाइमआउट होतोय. प्रोग्रॅमला लगेच हात लावू नका. दोन्ही पीएलसींमधला डिफॉल्ट गेटवे, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे जाण्यासाठीचा राउटरचा पत्ता, तपासा. दोन्ही म्हणतोय, कारण विचारणाऱ्याकडे तो भरलेला असतो, उत्तर देणाऱ्याकडे मात्र ०.०.०.० तसाच राहून जातो. मग विनंती पोहोचते, पण उत्तराला परतीची वाटच सापडत नाही. सबनेट मास्कही (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा, हे सांगणारा आकडा) बघा: २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० पडला असेल, तर पीएलसी समोरच्याला आपल्याच नेटवर्कमधला समजतो आणि गेटवेकडे जातच नाही. पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) लागूनही संदेश अडला, तर फायरवॉलमध्ये मॉडबसचा ५०२ पोर्ट उघडा, पण फक्त त्या दोन पत्त्यांपुरता. कारण साध्या मॉडबसमध्ये पासवर्ड नसतो.