उजवीकडे वळायचंय? डावी लेन धरा! मेलबर्नमध्ये ट्रामच्या सोबतीनं गाडी चालवताना

पुण्या-मुंबईहून मेलबर्नला आलेल्या माणसाला गाडी हातात घेताना हायसं वाटतं. इथंही रस्त्याच्या डाव्या बाजूनंच जायचं आणि स्टिअरिंग उजवीकडेच. अडचण होते ती ट्रामची. मुंबईत ट्राम १९६४ सालीच बंद झाली. दादर टीटीच्या नावात तेवढं ट्राम टर्मिनस उरलंय, त्यामुळे रस्त्याच्या मधोमध रूळ आणि त्यावर येणारी गाडी ही सवय आपल्याला नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा: ट्राम तुम्हाला चुकवू शकत नाही. तिला बाजूला सरकता येत नाही. पोलादी चाकाला पोलादी रुळावर रबरी टायरसारखी पकड नसते, आणि रूळ ओले असले की ती आणखी कमी होते. इथल्या ई-वर्ग या प्रकारातली ट्राम ३३ मीटर लांब आहे. २०११ मध्ये इथल्या ट्रामा चालवणाऱ्या यारा ट्राम्सनं जाहिरातीत एका ट्रामचं वजन ३० गेंड्यांएवढं सांगितलं होतं, ते उगाच नाही. आणि ड्रायव्हरनं तुमच्यासाठी कचकन ब्रेक मारला, तर टक्कर टळली तरी आत उभे असलेले प्रवासी पडतात. घंटा वाजली की ती तुमच्यासाठीच आहे असं समजून रूळ मोकळे करा.

आता हुक टर्न. उजवीकडे वळणारी गाडी नेहमीसारखी चौकाच्या मध्यावर थांबली, तर ती रुळांवरच उभी राहते आणि मागच्या ट्रामा अडकतात. म्हणून शहराच्या मध्यभागात अनेक चौकांत उजवं वळण डाव्या कडेनं घ्यायचं असतं, यालाच हुक टर्न म्हणतात. अशा चौकात तशी पाटी लावलेली असते. पाटी नसेल तिथं मोटारीनं हा प्रकार करायचा नाही. सायकलस्वाराला मात्र, मनाई नसेल तर, कुठल्याही चौकात तो करता येतो.

पाटी दिसली की वेळेत डाव्या लेनमध्ये या आणि उजवा इंडिकेटर द्या. सिग्नल लाल असेल तर इतरांसारखंच रेषेमागे थांबा. हिरवा झाला की सरळ चौकात शिरा, जमेल तितकं डावीकडे राहून पुढं जा आणि समोरच्या पादचारी पट्ट्यांच्या अलीकडे थांबा. सरळ जाणाऱ्या गाड्या आणि ट्रामा तुमच्या उजवीकडून निघून जातील. आता ज्या रस्त्यावर वळायचंय, त्या रस्त्याचा सिग्नल हिरवा होईपर्यंत हलायचं नाही. तो हिरवा झाला की उजवीकडे नजर टाका, कारण तुमच्या रस्त्यावरची एखादी ट्राम किंवा घाईतली गाडी अजून चौकातून बाहेर पडत असू शकते. मग वळा, पण रेंगाळू नका. तुमच्या डावीकडे थांबलेल्या गाड्यांनाही त्याच वेळी हिरवा मिळालेला असतो.

चुका बहुतेक दोनच ठिकाणी होतात. नवखा माणूस चौकात थांबून आपण जो सिग्नल ओलांडून आलो त्याचाच विचार करत बसतो, किंवा समोरची वाहतूक थांबली की लगेच वळतो. दुसरी चूक जागेची. कडेला फार गाड्या मावत नाहीत. मागून आलेली आणखी एक गाडी घुसली की तिचं शेपूट पादचारी पट्ट्यांवर किंवा सरळ जाणाऱ्यांच्या वाटेत राहतं. जागा दिसत नसेल तर सरळ पुढं जा आणि पुढच्या चौकातून वळसा घ्या. दोन मिनिटं जातील, जाऊ द्यात.

सिग्नलच्या खांबावर इंग्रजी 'टी' अक्षराचा पांढरा दिवा लागला, तर तो फक्त ट्रामसाठी आहे. तुमचा लाल असताना तो लागतो, म्हणून शेजारची ट्राम हलली की तिच्यामागोमाग निघायचं नाही.

थांब्यांवर खरी दक्षता हवी. बऱ्याच ठिकाणी अजूनही प्रवासी ट्राममधून थेट गाड्यांच्या लेनमध्ये उतरतात. थांब्यावर ट्राम उभी राहिली की तिच्या मागच्या टोकापाशीच थांबा. तुम्ही आधीच तिच्या बाजूला असाल, तर दारं उघडताच जागच्या जागी थांबा. दारं बंद झाली आणि ट्राम ते फूटपाथ यांच्यामध्ये कुणी चालत नसेल, तरच पुढं जाता येतं, तेही ताशी १० किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं नाही. फूटपाथवरून ट्रामकडे धावत सुटलेला माणूस डाव्या आरशात दिसत नाही, म्हणून मान वळवून बघा. जिथं प्रवाशांसाठी रस्त्यात उंच फलाट आहे, तिथं असं थांबावं लागत नाही.

ट्रामला मागं टाकायचं ते डावीकडून. उजवीकडून जाणं म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रामच्या रुळांवर जाणं. यू-टर्न किंवा साधं उजवं वळण घेताना समोरच्या वाहतुकीकडेच सगळं लक्ष जातं, आणि मागून त्याच दिशेनं येणारी ट्राम राहून जाते. रुळांवर चाक घालण्याआधी उजवा आरसा बघा आणि खांद्यावरून मागंही बघा. गोल चौकात ट्रामला नेहमीच वाट द्यायची, तुम्ही आधी आत शिरला असलात तरी. एलिझाबेथ स्ट्रीटच्या उत्तर टोकाला हेमार्केटचा गोल चौक आहे. तिथं ट्रामाही येतात. पहिल्या आठवड्यात तो टाळलात तर कुणी हसणार नाही.

सायकल किंवा मोटरसायकल असेल तर रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. तिरपे गेलात की सायकलचं बारीक टायर रुळाच्या खाचेत अडकतं, आणि पावसात ओल्या लोखंडावर मोटरसायकल घसरते. रुळांवर असताना ब्रेक दाबू नका. वेग आधीच कमी करून हँडल सरळ धरा.