सीडीआरवर ‘तुमची वैयक्तिक भूमिका स्पष्ट नाही’ असा शेरा आला तर: माझा अनुभव

ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी माझी मेकॅनिकलची पदवी वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, बसत नव्हती. (भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे, पण तुम्ही पदवी घेतली त्या वर्षी तुमच्या अभ्यासक्रमाला एनबीएची (भारतातले अभ्यासक्रम तपासणारं मंडळ) टियर-१ मान्यता असावी लागते.) म्हणून पात्रता तपासणाऱ्या इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडे सीडीआर, म्हणजे स्वतःची इंजिनिअरिंगची क्षमता दाखवणारा अहवाल, दिला. उत्तरात वरचा शेरा आणि आणखी माहितीची मागणी.

नवं अनुभवपत्र आणलं, इंग्रजी तपासून घेतलं, जादा सर्टिफिकेटं जोडली. काहीच उपयोग नाही, अगदी जीव मेटाकुटीला आला.

जमलं ते असं. आधी समरी स्टेटमेंटचा तक्ता उघडला; कोणती क्षमता अहवालात कुठे दिसते ते त्यात दाखवायचं असतं. त्यातल्या क्षमतेच्या सोळाही घटकांसमोर मी स्वतः केलेलं एकेक काम लिहिलं. मग तिन्ही करिअर एपिसोड (स्वतःच्या कामाची वर्णनं) त्यावरून नव्याने लिहिले, प्रत्येक १००० ते २५०० शब्दांत. ‘आमच्या टीमने पंप बसवला’ हे वाक्य गेलं. त्याजागी आलं: ‘पाइपमधला घर्षण-ऱ्हास मी काढला, एकूण हेड (पंपाने द्यायचा दाब) ठरवलं, उपलब्ध एनपीएसएच (पंपाच्या तोंडाशी मिळणारा दाब) कमी पडतोय हे दिसल्यावर पंपाची पातळी खाली घ्यायला सुचवलं.’ आकडेमोड थोडक्यातच, पण निर्णय कुणाचा आणि का, हे ठळक. नंतर परिच्छेदांना १.१, १.२ असे क्रमांक दिले आणि शेवटी तेच क्रमांक तक्त्यात भरले. हा क्रम उलटा करू नका. मजकूर बदलला की क्रमांक सरकतात.

निकाल ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ असा आला. तयार नमुन्यांतली वाक्यं मात्र उचलू नका, उचलेगिरीची तपासणी होते.