‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर येऊ नये म्हणून: व्यसनाचा विषय अधिवेशनात कसा न्यायचा

डिसेंबर आला की नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरते, सिव्हिल लाईन्सचे अर्धे रस्ते बॅरिकेडनं बंद होतात, आमदार निवासाकडे पोह्याच्या गाड्या वाढतात आणि आपण सगळे ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडतो. दरवर्षीचंच आहे. पण १९५३ च्या नागपूर कराराच्या कृपेनं त्या दिवसांत अख्खं सरकार आपल्या घरापासून ऑटोच्या अंतरावर येऊन बसलेलं असते आणि आपण त्याचा फायदा काय करून घेतो, तर यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढतो, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडतो, निवेदन देतो, देतानाचा फोटो स्टेटसला टाकतो आणि घरी येऊन जेवतो. मी पण दोन वर्षं हेच केलं. मामाच्या दारूमुळे या भानगडीत पडलो होतो, राग खूप होता, अक्कल कमी होती. तिसऱ्या वर्षी एका आमदाराच्या पीएनं निवेदन हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाला, "भाऊ, ठेवून द्या ना, साहेबाले दाखवतो. पण याचं मी करू काय? प्रश्न लिहून आणा, प्रश्न टाकता येते."

तेव्हापासून जे शिकलो ते इथं लिहून राहिलो. ज्यांच्या घरी कोणी दारूत, खर्र्यात नाहीतर एमडी (मेफेड्रोन) पावडरीत अडकलेलं आहे, किंवा जे वस्तीत या कामाला लागले आहेत, त्यांच्यासाठी. निवेदनाचं उत्तर आलं तर आलं, पण सभागृहात स्वीकारलेल्या प्रश्नाला मंत्र्याला छापील उत्तर द्यावं लागते, ते रेकॉर्डवर राहते आणि पाच वर्षांनीसुद्धा "तुम्हीच म्हटलं होतं" म्हणून नाकासमोर धरता येते.

आधी हे बघा की विषय मुंबई-नागपूरचा आहे का दिल्लीचा. सार्वजनिक आरोग्य आणि दारू हे दोन्ही राज्यघटनेत राज्य सूचीत आहेत, म्हणजे दारूची दुकानं, परवाने, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, याचा प्रश्न खासदाराकडे नेला तर तो राज्याचा विषय म्हणून तिथंच पडू शकतो. १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा केंद्राचा, नशामुक्त भारत अभियान (२०२० च्या १५ ऑगस्टला २७२ जिल्ह्यांत सुरू झालं ते) केंद्राचं, व्यसनमुक्ती केंद्रांना जे केंद्राचं अनुदान येते ते सामाजिक न्याय मंत्रालयाचं, हे सगळं लोकसभेत किंवा राज्यसभेत.

आणि राज्यातसुद्धा "आरोग्यमंत्र्याला विचारा" म्हणून सुटका नाही, इथं भल्याभल्यांची गंमत होते. मेडिकल आणि मेयो ही नागपूरची दोन सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं, हे आरोग्य विभागाखाली येतच नाहीत, ते वैद्यकीय शिक्षणाखाली. मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आरोग्य विभागाचं. दारूचे परवाने राज्य उत्पादन शुल्क, गुटखा आणि सुगंधित तंबाखू अन्न व औषध प्रशासन, अनुदानित केंद्रं सामाजिक न्याय, आणि पावडर पकडली की गृह. माणूस एकच, त्याचं व्यसन एकच, खाती सहा. चुकीच्या मंत्र्याला विचारलं की प्रश्न दुसऱ्या विभागाकडे फिरतो आणि तुमचं अधिवेशन तेवढ्यात संपते, २०२४ चं तर १६ ते २१ डिसेंबर, सहाच दिवसांचं होतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, शब्द. मामाला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो, ओपीडीच्या खिडकीत गर्दी, कागद वर धरून आतला माणूस ओरडला, "बेवड्याचे पेपर कोणाचे आहे बे?" पन्नास माणसं वळून बघायला लागली. मामानं हात वर केला नाही. मी पण केला नाही, खोटं कशाला बोलू. मागच्या बाकावरची एक बाई उठली, तिच्या नवऱ्याचे होते ते. मामा त्या दिवशी तपासून न घेता घरी आला आणि नंतर आठ महिने दवाखान्याचं नाव काढलं नाही.

हाच शब्द प्रश्नात घातला तर काय होते बघा. आपण रागारागात लिहितो की "शहराला नशेखोरांचा विळखा पडला असून तरुण पिढी बरबाद होत आहे". झालं, विषय गृह विभागाचा. उत्तर येते, इतके गुन्हे दाखल, इतके किलो माल जप्त, इतके आरोपी अटकेत. सरकार खूश, पेपरवाले खूश, आणि खाट एकही वाढली नाही. तोच विषय "व्यसनाच्या उपचारासाठी येणारे रुग्ण" असा मांडला की उत्तर डॉक्टर, खाटा, औषध यांचं द्यावं लागते. म्हणून माझा नियम, प्रश्नात बेवडा, गर्दुल्ला, नशेडी, व्यसनाधीन टोळकी यातलं काहीच नको. हे फक्त सभ्यपणासाठी सांगून नाही राहिलो, शब्दावरून विभाग ठरतो आणि विभागावरून उत्तर ठरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेली मानसिक अवस्था धरलेली आहे, तेव्हा रुग्ण म्हणणं हे कायद्याला धरूनच आहे. कोणी पीए म्हणाला की "भाषा जरा कडक करा, चमकली पाहिजे", तर मान हलवा आणि बदलू नका.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. "हे खरे आहे काय", मग "असल्यास", मग "चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले", आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". माझा पहिला प्रश्न असा होता: "नागपूर शहरात व्यसनाधीनतेचे प्रमाण चिंताजनकरीत्या वाढले आहे, हे खरे आहे काय?" उत्तर काय येते अशा प्रश्नाला? (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. बस. पहिली वीट काढली की सगळी भिंत पडते, कारण पुढचे सगळे पोटप्रश्न त्या पहिल्या "खरे आहे काय"वर उभे असतात. कधी दया आली तर "हे अंशतः खरे आहे" येते, आणि कोणता अंश ते कोणी सांगत नाही.

तर पहिल्या कलमात मत टाकायचं नाही, नाकारता न येणारी गोष्ट टाकायची, म्हणजे आकडा, तारीख, कायद्याचं कलम. आणि प्रत्येक पोटप्रश्न आपापल्या पायावर उभा पाहिजे. नंतर मी जो दिला तो साधारण असा होता:

(१) मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये नागपूर जिल्ह्यात नोंदणी असलेली व्यसनमुक्ती केंद्रे किती व नोंदणीविना चालणारी किती आढळून आली, (२) मागील ३ वर्षांत यापैकी कोणत्या केंद्रांची तपासणी कोणत्या दिनांकास झाली, (३) तपासणीत रुग्णास साखळीने बांधणे, मारहाण करणे वा नातेवाइकांशी संपर्क नाकारणे असे प्रकार आढळले काय, केंद्रनिहाय कार्यवाही काय, (४) व्यसनाच्या उपचारासाठी शासकीय रुग्णालयांत खाटा किती, मानसोपचारतज्ज्ञांची मंजूर पदे किती व रिक्त किती?

याला "उद्भवत नाही" म्हणता येत नाही. साखळीचं मुद्दाम टाकलं, कारण त्या कायद्याच्या कलम ९५ नं कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी आहे, आणि मामाला नंतर ज्या खासगी केंद्रात ठेवलं होतं तिथं रजिस्ट्रेशन विचारलं तर तो म्हणे "संस्थेचं आहे ना आमच्याकडे". संस्थेची नोंदणी म्हणजे दवाखान्याची नोंदणी नव्हे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन महिने फोनवर बोलू दिलं नाही, आणि आम्ही समजत होतो ट्रीटमेंट असंच असते.

आणखी एक प्रश्न, जो मला कोणी विचारताना दिसत नाही. एनडीपीएस कायद्यात कलम ६४ए आहे. थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या केसमधला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही, उपचार पूर्ण मात्र करावा लागतो. तर मागच्या तीन वर्षांत जिल्ह्यात सेवनाचे गुन्हे किती आणि त्यात ६४ए चा लाभ किती जणांना मिळाला, एवढे दोन आकडे शेजारीशेजारी मागा. पोलिसांना शिव्या घालायची गरजच पडत नाही.

खर्र्याचं वेगळं सांगतो, कारण नागपुरात राहून खर्रा सोडून व्यसनावर बोलणं म्हणजे लग्नात जाऊन न जेवता येणं. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून तो घोटते ना, त्यात सुगंधित तंबाखू असला तर तो माल राज्यात २०१३ पासून बंदीतला आहे. ही बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली एकेका वर्षाच्या आदेशानं चालते, दरवर्षी नवा आदेश निघतो. तरी ठेला उघडाच, तुम्ही बघताच. इथंही "खर्रा सर्रास विकला जातो हे खरे आहे काय" विचारू नका. नमुने किती घेतले, किती खटले दाखल, किती निकाली, किती जणांना शिक्षा, आणि त्याच वर्षी तंबाखू सोडवायच्या केंद्रात किती लोक आले, हे विचारा. तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत अशी पंचविशीतली पोरं दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत बसलेली असतात, त्यांची वर्षनिहाय संख्या मागा. २०१६-१७ च्या गॅट्स या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले होते, तरी आपल्या जाहिराती बघाल तर सगळीकडे सिगारेटचंच चित्र.

प्रश्नाला आधार लागतो, तो माहिती अधिकारातून काढा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत (महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे), उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणजे अर्ज गणपतीच्या आसपास गेला पाहिजे, मग अपिलाला पण वेळ उरते. दारूच्या उपचाराचा राष्ट्रीय आकडा पाहिजे तर दिल्ली एम्सनं सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेला २०१९ चा अहवाल आहे, दारूच्या विळख्यातल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, भरती होऊन उपचार तर १८० मध्ये एकाला. हे वाक्य सरकारच्याच कागदातलं आहे, मंत्री त्याला "खरे नाही" म्हणू शकत नाही.

वेळेचं भान ठेवा. अधिवेशन सुरू झाल्यावर तारांकित (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देते तो) प्रश्न घेऊन गेलात तर पीए चहा पाजेल, दुसरं काही करू शकणार नाही, ते सगळं आधीच भरलेलं असते. दिवाळीचा फराळ घेऊन जा आणि सोबत प्रश्न न्या, टाईप केलेला, पेनड्राईव्ह नको, व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये पाठवा म्हणजे त्याला परत टाईप करावं लागत नाही. अर्धं काम यातच होते, खरंच. अधिवेशन सुरू असताना काही घडलं, एखाद्या केंद्रात कोणी दगावलं वगैरे, तर मग लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायची. शहरात सहा आमदार आहेत, शिवाय विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे असतात, त्यांना लोक विसरतात. एकाच पक्षाकडे जाऊ नका. तासाभराच्या प्रश्नोत्तरात तुमचा प्रश्न पुकारला गेला तर उपप्रश्न कोणीही सदस्य विचारू शकतो, म्हणून दोन-तीन आमदारांकडे अर्ध्या पानाची टीप आधीच पोचती करा, त्यात एक आकडा आणि एक उपप्रश्न, जास्त नाही, सभागृहात कोणी वाचत नाही.

खासदाराकडे जायचं तर त्याहून आधी, कारण दिल्लीचं हिवाळी अधिवेशन बहुतेक याच सुमारास असते आणि साहेब गावात नसतात. लोकसभेत १५ दिवस आधी नोटीस, प्रश्न १५० शब्दांपर्यंत, त्यात टोमणे, आरोप, तर्क, मत काही चालत नाही, कोर्टात असलेलं प्रकरण नाही. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे). मी तर म्हणतो अतारांकितच टाकायला सांगा, भाषण होत नाही पण राज्यनिहाय, वर्षनिहाय तक्ता मिळते, आणि आपल्याला तक्ताच पाहिजे. संसदेच्या वेबसाईटवर जुने प्रश्न शोधता येतात, आधी ते बघा, नाहीतर माहिती आधीच उपलब्ध आहे म्हणून परत येईल. संसदेच्या स्थायी समित्या एखादा विषय तपासायला घेतात तेव्हा पेपरात जाहिरात देऊन लोकांकडून लेखी म्हणणं मागवतात, ती बारीक अक्षरातली जाहिरात कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा. तिथं मामाची गोष्ट लिहिता येते, प्रश्नात नाही येत. फक्त नाव, गाव, दवाखान्याचा कागद जोडायच्या आधी ज्याची गोष्ट आहे त्याला विचारा. मी मामाला न विचारता एकदा निवेदनात त्याचं नाव लिहिलं होतं आणि तो दिवाळीला आमच्या घरी आला नाही.

उत्तर आल्यावर बहुतेक जण थांबतात, पेपरचं कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि संपलं. पण मंत्र्यानं सभागृहात "तपासणी करण्यात येईल", "पदे भरण्यात येतील" म्हटलं की ते आश्वासन होते आणि त्याच्या मागं लागायला आश्वासन समिती असते, विधिमंडळात पण आणि संसदेत पण, संसदेत तर तीन महिन्यांत पुरं करायचा दंडक आहे. कार्यवाहीतून ते वाक्य तारखेसकट उतरवून घ्या आणि तुमच्या आमदाराच्या लेटरहेडवर समितीला पत्र द्या. कॅगचे (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाचे) अहवाल हमखास अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवतात, सगळे विमान पकडायच्या घाईत असताना, ते नंतर निवांत डाउनलोड करून रिक्त पदांचं पान शोधा, पुढच्या वर्षीच्या प्रश्नाचं पहिलं कलम तिथंच सापडते.

आणि हे सगळं चालू असताना घरातल्या माणसाला अधिवेशनाची वाट बघायला लावू नका. मानसिक आरोग्याची टेली मानस हेल्पलाईन १४४१६, नशामुक्तीची हेल्पलाईन १४४४६, तंबाखूसाठी १८००-११-२३५६. मामानं शेवटी १४४१६ ला स्वतःच फोन लावला होता, गच्चीवर जाऊन, आम्हाला न सांगता.