आजाऱ्याची भेट: नव्या पाळकांसाठी आणि मंडळीतल्या वडिलांसाठी

मंडळीतलं, म्हणजे आपल्या चर्चमधलं, कोणी आजारी पडलं की पाळकांनी (पास्टरांनी) भेटायला जायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जाऊन करायचं काय, हे बहुधा ज्याचं त्याने ठरवलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो. कोणी अर्धा तास प्रार्थना करून दमलेल्या माणसाला आणखी दमवतो, तर कोणी चहा पिऊन, निवडणुकीवर बोलून परत येतो. भेटीचं मुख्य काम एकच: आजाऱ्याचं ऐकायचं आणि जे ऐकलं त्याचीच प्रार्थना करायची.

निघण्याआधी

फोन आजाऱ्याला करू नये, त्याला सांभाळणाऱ्या माणसाला करावा. भेटीची वेळ, डॉक्टरांचा राउंड आणि ड्रेसिंगची वेळ, खाणंपिणं बंद आहे का, हे विचारून घ्यावं. याहून महत्त्वाचा प्रश्न असा: आजार काय आहे हे आजाऱ्याला सांगितलंय का?

आपल्याकडे कॅन्सर लपवण्याची रीत अजून गेलेली नाही. घरच्यांनी लपवलं असेल तर ते फोडणं पाळकांचं काम नाही. पण खोटं बोलणंही त्यांचं काम नाही. आजाऱ्याने थेट विचारलं, “पाळकसाहेब, मला नक्की काय झालंय?” तर “काही नाही हो, बरे व्हाल” म्हणू नये. “तुम्हाला काय वाटतं?” असं विचारून थांबावं. बहुतेकांना अंदाज आलेला असतो, फक्त तो बोलायला माणूस हवा असतो. मग बाहेर येऊन घरच्यांना सांगावं की ते विचारताहेत, डॉक्टरांना त्यांच्याशी बोलू द्या.

स्वतःला सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती इतकी खालावलेली असते की आपली साधी सर्दी त्याला महागात पडते. अशा वॉर्डात फुलं-फळं नेण्याआधीही विचारावं. टीबीच्या आजाऱ्याला मात्र टाळू नये. मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी, अंतर ठेवून बसावं. आत जाताना आणि बाहेर येताना साबणाने २० सेकंद हात धुवावेत.

खोलीत

दवाखान्यात १० ते १५ मिनिटं, अतिदक्षता विभागात २-३ मिनिटं, घरी फार तर अर्धा तास. एका वेळी दोघांहून जास्त माणसं नकोत. सगळी महिला मंडळी एकदम गेली की प्रेम दिसतं खरं, पण आजारी बाईला केस सावरत उठून बसावं लागतं. बाई एकटी असेल तर पाळकांनी मंडळीतली एखादी वडीलधारी बाई बरोबर न्यावी.

पलंगावर बसू नये. टाके ओढले जातात, नळ्या दबतात. खुर्ची ओढून आजाऱ्याच्या नजरेच्या पातळीवर बसावं. उभ्याने बोललं की आपण निघण्याच्या घाईत आहोत असं वाटतं, मग भले वीस मिनिटं उभे राहा.

“कसे आहात?” या प्रश्नाला “प्रभूच्या दयेने बरं आहे” हे ठरलेलं उत्तर येतं आणि बोलणं संपतं. त्याऐवजी “रात्री झोप लागते का?” विचारावं. झोप का लागत नाही हे सांगता सांगता माणूस बिलाबद्दल बोलतो, मुलीच्या लग्नाबद्दल बोलतो, भावाशी तुटलेल्या बोलण्यावर येतो. प्रार्थनेचा विषय तिथे मिळतो.

तो गप्प बसला तर आपणही बसावं. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांची चूक झाली ती तोंड उघडल्यावर.

“देवाची इच्छा”, “तुमच्यापेक्षा वाईट हाल असलेले लोक आहेत”, “आमच्या शेजाऱ्यालाही हेच झालं होतं” ही वाक्यं घरीच ठेवून यावीत. शेजारी पुढे वारला, हे आठवेपर्यंत उशीर झालेला असतो.

कोणता उतारा वाचावा

बायबलमधली सहा ते दहा वचनं पुरतात. आधी घरी मोठ्याने वाचून पाहावीत, कारण स्तोत्र अडखळत वाचलं की ऐकणाऱ्याचं लक्ष अडखळण्याकडे जातं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्तोत्र १२१ चांगलं; आठच वचनं आहेत आणि आपल्याला राखणारा देव झोपत नाही, हा त्यातला विचार भूल घेणाऱ्या माणसाला नेमका लागतो. दुखणं लांबलं असेल तर स्तोत्र १३. त्यात “किती वेळ?” असं देवालाच विचारलेलं आहे. तक्रार करण्याचीही परवानगी आहे, हे आजाऱ्याला शास्त्रातूनच कळलेलं बरं. जुन्या अपराधाचं ओझं असेल तर १ योहान १:९ किंवा स्तोत्र १३०. म्हातारपणाच्या दुखण्यात यशया ४६:४. शेवटच्या दिवसांत योहान १४ ची पहिली तीन वचनं आणि स्तोत्र २३.

“माझ्या कोणत्या पापामुळे हे झालं?” असं कोणी विचारलं तर योहान ९ उघडावं. जन्मांधाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला आणि येशूने पापाचा हा हिशोब मान्य केला नाही.

उच्चार नीट होत नसला, स्मृती गेलेली असली, तरी लहानपणी पाठ केलेलं बरेचदा टिकून असतं. मुलाचं नाव न आठवणारी आजी प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) सबंध म्हणते. म्हणून अशा घरी नवा उतारा वाचण्यापेक्षा ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातलं जुनं पद, बहुधा ना. वा. टिळकांचं, हळू आवाजात एक कडवं म्हणावं. बेशुद्ध माणसाजवळही त्याला ऐकू येतंय असं धरूनच बोलावं. वारसाहक्काची चर्चा खोलीबाहेर.

प्रार्थना

आधी विचारावं: “प्रार्थना करू का? कशासाठी करू?” मग पाच-सहा वाक्यं, दोन मिनिटं. आजाऱ्याचं नाव घ्यावं. त्याने जे सांगितलं, झोप, भीती, बिल, ते त्याच्याच शब्दांत देवापुढे ठेवावं. नर्स, डॉक्टर आणि रात्री जागणारी सून यांना नावानिशी आठवावं. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून.

प्रार्थनेत उपदेश घुसडू नये. “प्रभू, याने रविवारी उपासनेला यायला सुरुवात करावी” हे देवाला सांगणं नसून आजाऱ्याला मारलेला टोमणा असतो, आणि तो त्याला बरोबर कळतो. सरकारी वॉर्डात शेजारच्या खाटेवर वेगळ्या धर्माचा माणूस असतो. आवाज आपल्या खाटेपुरता ठेवावा. त्याने स्वतःहून मागितली तर त्याच्यासाठीही प्रार्थना जरूर करावी, न मागता नाही.

बरं होण्यासाठी प्रार्थना करावी, मोकळेपणाने करावी. बरं होण्याचं वचन मात्र देऊ नये. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेताला आजारी असतानाच मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), आणि त्याबद्दल कोणाच्या विश्वासाची झडती घेतली नाही. “विश्वास असेल तर गोळ्या बंद करा” असं सांगणारा माणूस मधुमेह, फिट्स किंवा रक्तदाबाच्या आजाऱ्याला आठवड्याभरात संकटात टाकू शकतो. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखणं तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण मराठी मंडळीत बाहेरून आलेलं आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली हॉस्पिटल काढलं तेही मिशनच्याच कामाचा भाग म्हणून.

तेल आणि प्रभुभोजन

याकोब ५:१४ प्रमाणे प्रार्थनेच्या वेळी आजाऱ्याला तेल लावण्याची पद्धत असेल तर एक थेंब, फक्त कपाळावर. जखमेवर किंवा टाक्यांवर नाही. ऑक्सिजन चालू असेल तर तेल नको आणि मेणबत्ती तर मुळीच नको; आग भडकते.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, देण्याआधी नर्सला विचारावंच. ऑपरेशनपूर्वी उपाशी ठेवलेल्याला “एवढासा तर तुकडा” दिला तरी भूल पुढे ढकलावी लागू शकते. अर्धांगवायूनंतर गिळताना ठसका लागतो आणि पातळ रस घासापेक्षा जास्त धोक्याचा ठरतो. ज्याला गिळता येतं त्याला भाकरीचा मुगाएवढा कण चमचाभर, म्हणजे ५ मिलि, रसात भिजवून द्यावा. डोकं उंचावर, घाई नाही. गिळताच येत नसेल तर विधीचे शब्द वाचावेत, कुटुंबाने घ्यावं, आणि प्रभू तुम्हाला चुकवून गेलेला नाही असं आजाऱ्याला स्पष्ट सांगावं.

नंतर

पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. तिसऱ्या आठवड्यात दार वाजत नाही, म्हणून दुसरी भेट तेव्हाची ठरवावी. त्या भेटीत पाच मिनिटं सांभाळणाऱ्यासाठी राखावीत, स्वयंपाकघरात, आजाऱ्यापासून दूर. सांभाळणाऱ्याला प्रार्थनेआधी बहुधा दोन तासांची झोप हवी असते. मंडळीतल्या कोणाला तरी शनिवारी दुपारी तिथे बसवणं जमतं का ते पाहावं.

वहीत तारीख, वाचलेला उतारा आणि पुढच्या भेटीचा दिवस लिहावा. कबुलीसारखं काही ऐकलं असेल तर ते लिहू नये. रविवारी मंडळीपुढे प्रार्थनेची विनंती करताना आजाराचं नाव घ्यायचं का, हे आजाऱ्याला विचारून ठरवावं. “अमुक बहीण आजारी आहेत” एवढंही पुरतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सलाइन लावलेला फोटो टाकू नये, घरच्यांनी पाठवला तरी.

निघताना कोणी पाकीट पुढे केलं तर स्वतःसाठी घेऊ नये. फारच आग्रह झाला तर मंडळीच्या अर्पणात जमा करून त्यांच्या नावाची पावती पुढच्या भेटीत नेऊन द्यावी.