क्रेटा रात्री बाहेर लावताना

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांची क्रेटा पहाटे गेली. मागे उरला काचेचा चुरा. चोर काच फोडून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गॅरेजवाले बिघाड तपासायला यंत्र जोडतात ती जागा) आपलं यंत्र लावतात आणि नवी चावी जुळवतात. म्हणून मी आधी त्या सॉकेटवर कुलपाची पेटी बसवली, मग गिअर लॉक. खरा भरवसा मात्र फ्युएल पंपाच्या वायरीतल्या छुप्या स्विचवर; तो बंद असला की इंजिनाला इंधन मिळत नाही. तो जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा, वॉरंटीचं आधी विचारा. कीलेस चावी, म्हणजे जवळ असली की सिग्नलवर गाडीचं दार उघडणारी, दाराजवळच्या खुंटीला अजिबात नको; चोर तिचा सिग्नल बाहेरून पकडून गाडीपर्यंत पोचवतात. आमची सिग्नल अडवायला स्टीलच्या डब्यात असते. डबा घेऊन गाडीपाशी गेलो, दार उघडलं नाही, तेव्हाच विश्वास ठेवला. दुसरी चावीही जपा, चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही मागते.